लोखंडाची कातडी

भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला चीड येते. लोकांना वाटतं, दुकानदाराला असं गिऱ्हाईक आवडत असेल. मुळीच नाही. पहिला आकडा हा आकडा नसतोच, तो नुसता रामराम असतो. समोरच्याने तो उडवून लावायचा, मी कपाळाला हात लावायचा, त्याने पायरी उतरायची, मी मागे बोलवायचं. असं दोन-तीनदा झालं की खरं काय ते दोघांनाही कळतं. जो माणूस पहिल्याच शब्दाला मान डोलावतो, तो मला खोट्यात अडकवून निघून जातो.

मास्तर तसे होते. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणत. मीही तोंडावर सरच म्हणायचो, मनात मात्र मास्तर.

रत्नागिरीला बंदराच्या रस्त्यावर माझं लेथचं दुकान होतं. पुढे लाँचच्या शाफ्टांचं आणि पंख्यांचं काम, मागच्या अंगणात भंगार. बापाकडून मला मिळालं ते कातळावरचं चार गुंठे गवत. मुंबईत बारा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो, तिथलंच एक जुनं मशीन घासाघीस करून मिळवलं आणि एस. टी.ने परत आलो. मशीन ट्रकने मागाहून आलं. ऐंशीनंतरची ती वर्षं होती. कोकणात रेल्वे यायची होती, लाँचांना मात्र इंजिनं लागली होती, आणि इंजिन लागलं की मागचा पंखा फिरवणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, आलाच.

पहिल्यांदा मास्तर आले ते शिसं मागायला. जाळ्याच्या खालच्या दोरीला ओवतात ना, त्या शिशाच्या गोळ्या.

“किती देऊ?”

“दोन गोणी.”

मी बघत राहिलो. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, पायात रबरी चपला. हा माणूस समुद्रावर जाणारा दिसत नव्हता.

“एवढी जाळी कुठे टाकणार?”

“जाळं नाही. भिंत बांधायची आहे. छोटीशी.”

“शिशाची? कशासाठी?”

“चिमूटभर मिठासाठी,” मास्तर म्हणाले, मग थोडा विचार करून, “चिमूटही नाही. कण.”

मी भाव सांगितला. वेडा समजून जरा चढाच सांगितला. त्यांनी मान डोलावली, रुमालाने नोटा धरून माझ्यापुढे ठेवल्या आणि गोण्यांसाठी हातगाडी बघायला गेले. मी दिवसभर धुसफुसत होतो. फसवलं मी होतं, आणि अपमान झाल्यासारखा मलाच वाटत होता.

रुमाल ही त्यांची खूण. कुठल्याही वस्तूला ते उघड्या बोटांनी हात लावत नसत. दाराची कडी रुमालाने, चहाचा ग्लास रुमालाने. कोणी हात पुढे केला की हे नमस्कार करून मोकळे. आधी मला वाटलं सोवळं आहे. पण सोवळं नव्हतं. माझ्या दुकानातल्या तेलकट स्टुलावर ते तासन्‌तास बसत आणि चिवडा वर्तमानपत्राच्या कागदावरून खात. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. “बोटाला तेल असतं, घाम असतो, मीठ असतं. हात लावला की वस्तू बदलते. मग आपण बघतो ती वस्तू नसते, आपलं बोट असतं.”

मासळीबाजारात त्यांचं येणं म्हणजे बायकांना करमणूक. पापलेटासमोर उकिडवे बसून हात पाठीमागे बांधून ते खवले बघत बसायचे.

“हात लावा की सर, चावनार नाय तो!”

“नको. बघतोय.”

“बघून काय कळतंय? मासा बघताव का पोरगी बघताव?”

सगळ्या हसायच्या. मास्तरही हसायचे. मग ज्या माशाकडे बोट दाखवतील तो हमखास ताजा निघायचा, हेही त्या बायकांनीच मला सांगितलेलं आहे.

आणि एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. “मला सांगता येत नाही.” बंदरावरच्या रिकामटेकड्यांनी त्याची नक्कल बसवली होती. पाऊस पडेल का, म्हणून एकाने विचारायचं. दुसऱ्याने रुमाल काढायचा, आभाळाकडे बघायचं आणि म्हणायचं, मला सांगता येत नाही. मुंबईत म्हणे ते कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत होते. तिथे साहेबांना हवा तसा आकडा छापायची वेळ आली तेव्हा यांनी हेच वाक्य म्हटलं, आणि रत्नागिरीला आले. खरं-खोटं मला ठाऊक नाही. चिपळूणला त्यांची एक बहीण होती. ती वर्षातून एकदा येऊन खोली झाडून जायची. दुसरं कोणी नव्हतं.

शिशाच्या भिंतीमागे काय आहे ते त्यांनी मला एकदा नेऊन दाखवलं. कॉलेजच्या मागच्या बाजूला चिऱ्याची एक अडगळीची खोली त्यांना मिळाली होती. शिशाच्या गोळ्या वितळवून त्यांनी विटा पाडल्या होत्या. विटांच्या आत, दोन पातळ पापुद्र्यांमध्ये वाळवलेला तो मिठाचा कण. मुंबईच्या जुन्या साहेबाने रीतसर कागद करून दिलेला.

“हे आपलंच मीठ. फक्त यातलं सोडियम वेगळ्या जातीचं आहे. ते सतत मोडत असतं आणि त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात.”

“म्हणजे काय?”

“इलेक्ट्रॉन माहीत आहे ना? विजेच्या तारेत वाहतो तो. पॉझिट्रॉन त्याचा बरोबर उलटा. वजन तेवढंच, भार विरुद्ध. दोघं भेटले की दोघंही संपतात. मागे राख नाही, काही नाही. दोन किरण उलट्या दिशांना सुटतात, एवढंच.”

मला ते बरं वाटलं नाही. असली वस्तू गावात कशाला ठेवायची, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, “हा एकटाच असतो बिचारा. सगळं जग इलेक्ट्रॉनांचं. हा लोखंडात शिरतो तेव्हा जोरात असतो. धडका देत देत दमतो, हळू होतो. मग उरलेल्या क्षणात भटकतो. लोखंडात अणू ओळीने बसलेले असतात, मशिदीत नमाजाला बसतात तसे. ओळ पुरी असली तर याला कुठेच जागा नाही, लगेच मरतो. पण कुठे एखादा अणू जागेवर नसला, तर त्या रिकाम्या जागेत हा जाऊन बसतो. तिथे इलेक्ट्रॉन कमी. म्हणून थोडा जास्त जगतो.”

“किती जास्त?”

“तुमची पापणी हलेपर्यंत असे कोट्यवधी जन्मून मरतील. पण मोजता येतं. तो जन्मला की एक किरण, मेला की दुसरे. मधलं अंतर मोजायचं. जास्त जगला, म्हणजे लोखंड कुठेतरी दुखावलेलं आहे.”

हे मात्र मला समजलं. शाफ्ट वर्षानुवर्षं फिरतो, वळतो, ताण खातो. एक दिवस अचानक मोडतो आणि लोक म्हणतात नशीब. मोडायच्या आधी कळलं तर?

“पण खोलवर शिरतात ते मला नको आहेत,” मास्तर म्हणाले. “मला हळू हवेत. अगदी हळू. वरच्या चार ओळींत थांबणारे. मोडणं बहुतेक वेळा वरून सुरू होतं. लोखंडाची कातडी बघायची आहे मला.”

त्यासाठी त्यांनी एक नळी बनवली होती. नळी माझ्या भंगारातली, हवा खेचायचा पंप मुंबईहून आणलेला जुना. नळीच्या तोंडाशी टंगस्टनचा कागदासारखा पत्रा. जोरातले पॉझिट्रॉन त्यात शिरून दमतात, आणि पत्रा अगदी स्वच्छ असला तर हजारोंतला एखादा परत पृष्ठभागाशी येतो आणि धातूच त्याला बाहेर ढकलून देतो, हळू होऊन. तो एखादा पकडायचा. अडचण एवढीच की आत हवा अजिबात नको, आणि रत्नागिरीत वीज दिवसाआड जायची. पंप थांबला की खाडीची ओली खारी हवा कुठल्यातरी सांध्यातून आत शिरायची, पत्र्यावर बसायची, आणि दोन महिन्यांचं काम पाण्यात. मास्तर शांतपणे नळी उघडायचे आणि रुमालाने धरून पत्रा बाहेर काढायचे. मी असतो तर ती नळी खाडीत फेकली असती.

हळू पॉझिट्रॉन त्यांना बहुतेक कधी मिळालेच नाहीत. दुसऱ्या, साध्या रीतीने ते काम करत. तपासायच्या धातूचे दोन पातळ काप घ्यायचे आणि पुरण भरावं तसा मिठाचा कण मध्ये ठेवायचा. त्यात वरचं आणि जरा आतलं असं मिसळून दिसतं, पण दिसतं.

आता स्वतःची लाँच स्वतः हाकणाऱ्या इस्माईल तांडेलाची गोष्ट.

इस्माईलभाई माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. दुकानाची पाटीसुद्धा लागली नव्हती तेव्हापासून त्याच्या लाँचचं काम माझ्याकडे. भाव करायचा तर असा, की ऐकायला चार माणसं थांबावीत. त्या पावसाळ्यात त्याचा शाफ्ट वाकला. नवा मागवायचा तर घाट बंद पडलेला, ट्रकचा पत्ता नाही. नारळी पौर्णिमेला लाँच पाण्यात गेली पाहिजे. दर्याला नारळ दिल्यावर जो किनाऱ्यावर राहिला त्याचा हंगाम गेला, खलाशी दुसऱ्या लाँचवर गेले. माझ्याकडे दोन शाफ्ट होते. एक नवा कोरा, पण तो दुसऱ्या मापाचा आणि दुसऱ्या कोणाचा. दुसरा एका मोडीत काढलेल्या लाँचचा, इस्माईलच्या मापाहून वीतभर लांब. तो मी लेथवर घेऊन वरून साफ करून देणार होतो. असे पुष्कळ दिले होते. एकही परत आला नव्हता.

मास्तर स्टुलावर बसले होते. शाफ्टाजवळ गेले, वाकले, हात पाठीमागे.

“हा किती वर्षं फिरलाय?”

“का?”

“थकलेला असू शकेल.”

इस्माईल समोरच उभा. त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा लतीफ, लाँचवर इंजिन बघणारा. लतीफ कमी बोलायचा, पानाची पिचकारी टाकून एवढंच म्हणाला, “सर बोलतंत तर बघून घ्या.”

माझं डोकं सणकलं. माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून, माझ्या गिऱ्हाइकासमोर! मी म्हणालो, “असू शकेल म्हणजे काय? आहे की नाही ते सांगा!”

“मला सांगता येत नाही. तपासून बघावं लागेल.”

“मग तपासा! अजून दोन आठवडे आहेत. होऊन जाऊ दे.”

मास्तरांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना कामाचं काही विचारत होतं. ते म्हणाले, “जास्तीचा वीतभर भाग कापाल ना? त्याच्या अंगावरून मला दोन पातळ काप द्या. वरची बाजू आहे तशी. घासायची नाही, पुसायची नाही. टोक टोकाचंच सांगेल, मधलं मधलंच सांगेल. पण काहीतरी कळेल. आणि नव्याचंही टोक मापाला कापाल, त्यातलेही दोन द्या, ताडून बघायला.”

इथे मी जे केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी बाजारातला माणूस. वजन करण्याआधी काटा तपासतो. मला वाटलं, जुन्या शाफ्टावर खड्डे आहेत, गंज आहे. नवा गुळगुळीत आहे. हा माणूस डोळ्यांनी बघून सांगेल जुना कुठला ते, आणि नाव मशीनचं करेल. तेव्हा चारही काप मी स्वतः लेथच्या मागे नेऊन घासले. खड्डे जाईपर्यंत घासले, जोर लावून. मग चारही मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. इथल्या हवेत लोखंडाला गंज चढायला दोन दिवस पुरतात. चौघांवर सारखा तांबूस पापुद्रा आला. कोणाच्या बापाला ओळखता आले नसते. कागदाच्या दोन पुड्या केल्या. एकीवर एक रेघ, दुसरीवर दोन. कुठली कुठली ते मास्तरांना सांगितलं नाही.

“बरोबर आहे,” मास्तर खूश होऊन म्हणाले. “मला माहीत नसलेलंच चांगलं.” पुड्या रुमालात घेताना त्यांनी विचारलं, “हात लावलात का यांना?”

“नाही.”

त्यांनी मान डोलावली.

आठवडाभर ते बंदरावर दिसले नाहीत. मग एका सकाळी आले. इस्माईल आणि लतीफ लाँचचं लाकूडकाम सोडून आले. मास्तरांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. स्टुलावर बसले, उठले, परत बसले.

“दोन्ही सारखेच दिसतात,” ते म्हणाले. “दोन्ही दुखावलेले. नव्यात एवढं दिसायला नको.” मग माझ्याकडे बघून, “वरच्या कातडीला काही झालं असेल का?”

“काय व्हायचंय?” मी म्हणालो. “तुम्ही सांगितलं तसे दिले.”

खोटं बोललो ते भीतीने नाही. मला खरंच वाटलं की आता माणूस पळवाट शोधतोय. घासल्याने लोखंड दुखावतं, वरच्या कितीतरी ओळी विस्कटतात, त्या मिठातून निघालेले सगळे त्या विस्कटलेल्या जागेतच जाऊन बसतात आणि खालचं काही सांगत नाहीत, हे मला कुठे ठाऊक होतं? आमच्यात घासणं म्हणजे सुधारणं.

“मग माझंच काहीतरी चुकतंय,” मास्तर म्हणाले. “मला सांगता येत नाही.”

मी हसलो. आवाज चढवून हसलो, रस्त्यावरची माणसं थांबतील असा. “ऐकलंत इस्माईलभाई? कोरा करकरीत शाफ्ट, अजून पाणी बघितलेलं नाही, तो पण आजारी! सर, तुमच्या मिठाने आमच्याकडे सगळेच आजारी निघायचे. एकदा स्वतःला लावून बघा.”

लोक हसले. नक्कल करणारा एक जण होता, त्याने रुमाल काढला. मास्तरही थोडे हसले, पण मासळीबाजारातल्यासारखे नाही.

लतीफ हसला नाही. “सर, तुम्ही सांगा. लावू का नको?”

आजही मला लतीफचं ते तोंड दिसतं. मास्तर एवढंच म्हणाले असते, ‘नको’, तर काम थांबलं असतं. मी शिव्या घातल्या असत्या, हंगाम गेला असता, पण शाफ्ट लागला नसता.

“माझ्या मोजण्यावरून मी नको म्हणू शकत नाही. हो पण म्हणू शकत नाही.”

“म्हंजे काय सांगताव?”

“मला सांगता येत नाही.”

लतीफने इस्माईलकडे बघितलं, इस्माईलने माझ्याकडे. “शेट, तुमचा काय?”

“माझ्या दुकानातून गेलेला शाफ्ट आजवर मोडलेला नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं.

नारळी पौर्णिमेला लाँच पाण्यात गेली. मी स्वतः नारळ घेऊन गेलो होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मी तिथे नव्हतो आणि जे होते त्यांनी मला फारसं सांगितलं नाही. काही आठवड्यांनी, दुपारच्या वेळी, वेळणेश्वराच्या समोर वारा फिरला. लाटा उंच झाल्या म्हणून इस्माईलने इंजिन पूर्ण जोरात टाकलं, आणि शाफ्ट मोडला. बाहेरचा तुकडा पंख्यासकट गेला. तो गेला की मागे लाकडात भोक राहतं आणि पाणी आत येतं. लतीफ खाली इंजिनाच्या खड्ड्यात होता. त्याने गोणपाट, लुंगी, जे मिळेल ते भोकात कोंबलं आणि पाठ लावून बसला. वर बाकीचे दुसऱ्या लाँचला हाका मारत होते. ती लाँच आली, दोर टाकला, माणसं तिच्यावर गेली. लतीफ उठला असता तर पाणी एकदम भरलं असतं. तो उठला नाही. लाँच खडकावर गेली तेव्हा तो खालीच होता.

गोणपाट माझ्याच दुकानातलं होतं. शाफ्ट गुंडाळून दिला होता त्यात.

पंचनाम्यात ‘खवळलेला समुद्र’ लिहिलं. मला कोणी काही विचारलं नाही. लाँचचा सांगाडा ओढून आणला तेव्हा आत राहिलेला शाफ्टाचा तुकडा इस्माईलने दोघांकरवी माझ्या दुकानात पाठवला. स्वतः आला नाही. नंतर कधीच आला नाही. त्या दोघांनी तो उंबऱ्यात टाकला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. रुमाल काढला नाही, कारण हातही लावला नाही. मोडलेल्या तोंडासमोर उकिडवे बसले, पापलेटासमोर बसायचे तसे. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणाच्या रेघा होत्या. उरलेला खडबडीत, ताजा.

“या रेघा एका दिवसाच्या नाहीत,” ते म्हणाले. “ही चीर जुनी आहे. पहिल्या लाँचवरच सुरू झालेली. इथून.” शाफ्टाच्या कडेकडे त्यांनी लांबूनच बोट दाखवलं. “वरून.”

मग मास्तर उठले.

“याचे काप द्याल? तसेच. आहे तसे.”

मी स्वतः कापले. रुमाल मागून घेतला आणि रुमालाने धरून कापले.

“हात लावलात का?”

“नाही.”

त्यांनी मान डोलावली. तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच मान. एकदा खोटं आणि एकदा खरं, आणि या माणसाला दोन्हीत काही फरक दिसला नाही.

चार-पाच दिवसांनी परत आले ते हातगाडी घेऊन. गाडीवर शिशाच्या विटा होत्या.

“या ठेवा तुमच्याकडे. त्या मिठाचा कण मुंबईला परत पाठवला. कागद झाले.”

“का?”

ते स्टुलावर बसले. “या वेळी स्पष्ट दिसलं. जास्त जगतात. बरेच जास्त. म्हणजे रीत बरोबर होती, मशीन बरोबर होतं. मग आधीचे काप काढून पुन्हा बघितले. चारही घासलेले होते, शेट. गंजाच्या खाली बारीक रेघा आहेत, एकाच दिशेच्या. मी आधी बघायला हवं होतं.”

लेथ चालू होता. मी तो बंद केला. मला वाटलं, आलं. आता हा माणूस विचारणार, आणि मी सांगणार. खरंच सांगतो, मी सांगायला तयार होतो. भांडलो असतो, ओरडलो असतो, तुम्ही नको का म्हणाला नाहीत म्हणून गळा धरला असता. पण सांगितलं असतं.

“माझ्याच हातून झालं असणार,” मास्तर म्हणाले. “बसवताना सारखे करायला मी कधीकधी घासतो. इथल्या हवेत वर पुन्हा गंज चढतो. आठवत नाही मला. पण तुम्ही तर म्हणालात तुम्ही नाही, म्हणजे मीच.” हातांकडे बघत राहिले. “लतीफने मला सरळ विचारलं होतं.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. तुम्हाला कोणी बोलावलं होतं, स्टूल सोडा, असलं काहीतरी. शेजारच्या दुकानातले धावत आले. मास्तर उठले, नमस्कार केला आणि पायरी उतरले. माझ्या धंद्यात पायरी उतरणाऱ्याला मागे बोलवतात. मी बोलावलं नाही.

त्यानंतर त्यांनी फक्त शिकवलं. खोलीला कुलूप लागलं, नळी सांध्यांत गंजली. बाजारात यायचे, मासा न बघता, देतील तो घेऊन जायचे. तोही पिशवीत बायकांनीच टाकायचा. कोणी नक्कल केली तर ऐकू न आल्यासारखं करायचे. दोन वर्षांनी चिपळूणला बहिणीकडे गेले आणि तिथेच वारले, असं पुढे कळलं. मी गेलो नाही.

लोक मला विचारतात, तुमचं मास्तरांशी काय बिनसलं? मी सांगतो, मूर्ख माणूस होता. आणि मला तसंच वाटतं. लोखंडातला एक अणू जागेवर नाही हे ज्याला कळत होतं, त्याला हातभर अंतरावरचं माझं तोंड वाचता येऊ नये? पापलेट बघायचे तसं एकदा माझ्याकडे बघायचं होतं. आणि नसेल वाचता येत, तर विचारायचं होतं. पहिल्या शब्दावर कोण जातं? पोरं जातात, देव जातात. बाजारात कोणी जात नाही. ‘हात लावलात का?’ ‘नाही.’ ‘खरं सांगा शेट.’ एवढंच. एकदा आणखी. मी मनातल्या मनात किती वेळा त्या जागी थांबून वाट बघितली आहे. मी उतरलो असतो.

विटा अजून दुकानात आहेत, लेथच्या मागे, जिथे मी घासत होतो तिथे. कधी एखादा जाळीवाला बघतो आणि भाव विचारतो. मी आकडा सांगतो आणि थांबतो. तो म्हणतो, “हे जास्त होतं शेट, खरं सांगा.”

मग मला विकवत नाही.